जुन्नरला दोन दिवस कसे घालवावेत? शिवनेरी-लेण्याद्री सोडून तिथं काय आहे?

तुम्ही पुण्याहून शनिवार-रविवार जाणार, सोबत सत्तरीतले सासू-सासरे आणि चौथीतली मुलगी. शिवनेरी आणि लेण्याद्री एका दिवसात आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी काय करायचं, असं विचारलंय. माझं ऐकाल तर क्रमच फिरवा. शनिवारी आधी नाणेघाट गाठा. शिवनेरी आणि लेण्याद्री रविवारी.

कारण जुन्नर हे मुळात वाटेवरचं गाव आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटानं वर चढायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. ही वाट एकदा डोळ्यांनी पाहिली की इथं एवढी लेणी का, एवढे किल्ले का, हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही. जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे सगळे या वाटेच्या आसपासच उभे आहेत.

सकाळी सहाला पुणं सोडा. नारायणगावाहून डावीकडे वळलात की जुन्नर पंधराएक किलोमीटर. तिथं नाश्ता उरकून घाटघरच्या रस्त्याला लागा. नाणेघाट साधारण तासाभराचा रस्ता आहे. गाडी पार पठारावर जाते, त्यामुळे सासू-सासऱ्यांना फार चालायला लागणार नाही. तोंडाशीच एक मोठा दगडी रांजण आहे, त्याला जकातीचा रांजण म्हणतात. तिथून फरसबंदी वाटेनं थोडं खाली उतरलं की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लेख कोरलेली गुहा लागते. पायऱ्या उंचसखल आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर मोठ्यांनी वरच बसून कोकण बघावं. तेही काही कमी नाही.

गुहेत घाई करू नका. सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा हा लेख इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला मानतात. त्यात अश्वमेधासारख्या यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण (त्या काळची नाणी) यांची मोजदाद आहे. मोजदाद आली म्हणजे आकडे आले. ब्राह्मी अंकांचा इतका जुना आणि इतका भरगच्च नमुना फार कमी ठिकाणी सापडतो. निघण्यापूर्वी त्या अंकांचा तक्ता मोबाइलमध्ये घेऊन ठेवा आणि मुलीला भिंतीवर शोधायला लावा. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता पावलांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं तेवढी उरली आहेत: राजा सिमुक, देवी नायनिका (म्हणजेच नागनिका), राजा सातकर्णी आणि काही राजकुमार. टॉर्च जवळ असू द्या.

परतताना पूर गावातलं कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ बघा. कुकडी नदीचा उगम तिथलाच. अर्धा तास पुरतो, आणि सावलीत बसून डबा खायला यापेक्षा चांगली जागा त्या रस्त्यावर नाही.

मुक्काम जुन्नरात किंवा जवळच्या एखाद्या कृषी पर्यटन केंद्रात करा. रात्री मासवडी सांगा, पण ती दुपारीच सांगून ठेवावी लागते. करायला वेळखाऊ प्रकार आहे. बेसनाच्या उकडीत तीळ-खोबरं-कांदा-लसणाचं सारण भरून केलेल्या वड्या, सोबत झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी. नावात मासा असला तरी पूर्ण शाकाहारी आहे, हे सासूबाईंना आधीच सांगा. जेवणानंतर शतपावलीला गावाबाहेर उसाच्या कडेनं मात्र जाऊ नका. या तालुक्यात बिबटे आहेत, आणि हे पर्यटकांना घाबरवायला रचलेलं नाही. स्थानिक माणूससुद्धा अंधारात मुलांना एकटं सोडत नाही.

रविवारी सातच्या आत शिवनेरीच्या पायथ्याशी असाल असं बघा. गाडी बरीच वर जाते, पुढं पायऱ्या आणि एकामागून एक सात दरवाजे. सासू-सासऱ्यांनी दम घेत, शिवाईदेवीपर्यंत जाऊन थांबलं तरी चालेल. तुम्ही मात्र अंबरखाना (धान्याचं कोठार), गंगा-जमुना टाकी, जन्मस्थान आणि कडेलोट असं पुढं जा. महाराजांचा जन्म इथला, १९ फेब्रुवारी १६३० चा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्यांच्या हयातीत हा गड स्वराज्यात आला नाही, हे मुलीला गडावर उभं राहून सांगा, तिला ते जास्त लागेल. १६५७ मध्ये त्यांनी खालचं जुन्नर शहर लुटलं, गड मोगलांकडेच राहिला. लुटण्याजोगी श्रीमंती त्या शहरात होती, हेही लक्षात घ्या.

मग लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास, डोली मिळते, माकडं पिशव्या ओढतात. गिरिजात्मजाचं दर्शन घ्याच, पण ज्या दालनात तो बसला आहे ते मूळचं बौद्ध विहार आहे. एवढं मोठं दालन, आत एकही खांब नाही आणि भोवती भिक्खूंच्या खोल्या. शेजारचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, तेही चुकवू नका. जुन्नरच्या लेण्यांतले दानलेख वाचले तर देणारे फक्त राजे नाहीत. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे संघटना आहे, कासारांची आहे, आणि स्वतःला यवन (त्या काळी मुख्यतः ग्रीक) म्हणवणारे परदेशीही आहेत. आदल्या दिवशी पाहिलेल्या घाटातूनच हा पैसा आला.

वेळ उरला तर पाडळीजवळची तुळजा लेणी बघा. तिथलं बारा खांबांचं गोल चैत्यगृह मला लेण्याद्रीपेक्षा जास्त आवडतं, गर्दीही नसते. ओझर, आळ्याची रेड्याची समाधी, खोडदची रेडिओ दुर्बीण हे सगळं लोक तुम्हाला सुचवतील. या खेपेला नको. यादी वाढली की गाडीतच दिवस जातो आणि मोठी माणसं वैतागतात.

कधी जावं? जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा. नाणेघाटात तेव्हा उलट्या धबधब्यासाठी (वाऱ्यानं पाणी खाली पडण्याऐवजी वर उडतं) प्रचंड गर्दी लोटते, खडक निसरडे असतात आणि कधीकधी प्रशासन पर्यटकांना बंदीही घालतं. सप्टेंबरअखेर ते जानेवारी उत्तम. शिवजयंतीच्या आसपास आणि संकष्टीला जुन्नरकडे फिरकू नका.

रविवारी दोन-अडीचला निघा. त्यानंतर निघालात तर संध्याकाळ चाकणच्या ट्रॅफिकमध्ये जाईल.