स्वतःला झोडपणं आधी थांबव

दोन विषयांत नापास झाल्याचा तुझा मेसेज वाचला. त्यात नक्की काय चुकलं ते जेमतेम एका ओळीत आहे आणि बाकी सगळीकडे मी मूर्ख आहे, माझ्याच्याने काही होणार नाही, घरच्यांना तोंड कसं दाखवू हेच. मित्र नापास झाला असता तर त्याला असं बोलला असतास का रे?

तुला वाटतं की स्वतःला फटकारलं नाही तर आपण आळशी होऊ. मला हे अजिबात पटत नाही. कॅनडात कार्लटन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. उलटं वाटतं ना, पण तुझंच बघ, मार्कलिस्ट तू अजून नीट उघडून पाहिली नाहीस, सरांचा फोन घेत नाहीस, पुस्तक हातात घेतलं की पोटात गोळा येतो म्हणून ते बाजूला ठेवून रात्रभर मोबाईल बघतोस आणि सकाळी परत स्वतःलाच शिव्या. लाज वाटली की माणूस लपतो, आणि लपून अभ्यास होत नाही.

क्रिस्टिन नेफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2003 मध्ये सेल्फ-कम्पॅशनची, म्हणजे स्वतःबद्दलच्या करुणेची मांडणी केली, त्यात तीन गोष्टी येतात, स्वतःशी मायेनं वागणं, असं इतरांचंही होतं हे लक्षात ठेवणं, आणि जे दुखतंय ते न लपवता, न फुगवता बघणं. तुझ्यासाठी तिसरी सगळ्यात अवघड आहे असं मला वाटतं. म्हणून एक कर, मनात येईल ते एका वहीत लिही, त्यात 'मी फेल माणूस आहे' असं आलं की ते खोड आणि खरं काय झालं तेवढंच लिही, म्हणजे 'दोन विषय राहिले, एकाची तयारी शेवटच्या आठवड्यात सुरू केली, दुसऱ्यातलं मला कळलंच नव्हतं आणि मी विचारलं नाही'. यात चूक लपत नाही, उलट पुढे काय करायचं ते दिसायला लागतं. सुरुवातीला खोटं खोटं वाटेल, इतकी वर्षं स्वतःला ओरडायची सवय आहे, तरी लिहीत राहा.

आणि झोप उडाली असेल, जगणंच नको असं मनात येत असेल तर वही बाजूला ठेव आणि त्याच दिवशी घरच्या कुणाला तरी नाहीतर मला सांग, डॉक्टरकडे आपण सोबत जाऊ.

बाकी उद्या सरांना फोन कर, न कळलेला विषय कुठून सुरू करायचा एवढंच विचार.