गडीमाणसाच्या नाइट ड्युट्या

उदगीरहून एका ब्रदरचं, म्हणजे पुरुष नर्सचं, पत्र आलंय. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), सहा वर्षांचा अनुभव, पस्तीसेक जणांचा स्टाफ असलेला खासगी दवाखाना. सोबत ड्युटी चार्टचा फोटो. मोजल्या तर महिन्यात 19 नाइट, त्यातल्या 9 सलग. दोन ठिकाणी 'ऑफ' खोडून वेगळ्या शाईनं 'एन' केलेलं. विचारलं तर इनचार्ज सिस्टर म्हणतात, "तू गडीमाणूस, तुला काय होतंय?" परवा तर म्हणाल्या, "जास्त बोललास तर समितीकडे तक्रार टाकीन." (समिती म्हणजे दवाखान्यातली लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी.) ब्रदर विचारतात, मीच आधी समितीकडे जाऊ का? अन् नोकरी जाईल का?

तुम्हाला समितीकडे जाता येणार नाही. लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त महिलांची तक्रार घेतो. पण धमकीनं घाबरूही नका. समितीला तुमची बाजू ऐकावीच लागते, आणि ड्युटीवरून झालेली बाचाबाची म्हणजे लैंगिक छळ नव्हे. चेष्टेत काही शेलकं बोलून गेला असाल, तर ते मात्र मला आत्ताच सांगा.

आता नाइटचं. दवाखाना म्हणेल, बायकांना रात्री ठेवायला कायद्याची बंदी आहे. हे अर्धसत्य. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दवाखानेही येतात. रात्री साडेनऊ ते सकाळी सात महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षेची सोय हवी, एवढंच. म्हणजे घरी सोडायला गाडी वगैरे. तो खर्च मालकाला नको, म्हणून तुमची झोप जाते. सिस्टर नाइटला नाही म्हणतात, तो त्यांचा हक्क. भांडण त्यांच्याशी नाहीच. (पेशंटचे नातेवाईक तुम्हाला पहिल्या दिवसापासून 'डॉक्टरसाहेब' म्हणतात अन् पंधरा वर्षं झालेल्या सिस्टरला 'ओ बाई', असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्या रागात तेही असणार. त्यावर माझ्याकडे कलम नाही.)

अर्ज इनचार्जकडे नको, थेट व्यवस्थापनाकडे द्या आणि पोच घ्या. 'महिला स्टाफ' हा शब्दही नको. फक्त आकडे, बुडालेली साप्ताहिक सुट्टी आणि जादा तासांचा दुप्पट दर. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जा. तोंडी काढून टाकलं तर राजीनामा लिहून देऊ नका. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर व्हा आणि त्याचा पुरावा ठेवा.

आणि हो, फोटोत चार्टखालची सही कापली गेलीय. एक तारखेला जुना चार्ट उतरवतात म्हणता, त्याआधी सहीसकट पुन्हा काढा.