मामा आतून जागे आहेत का, हे स्कॅनमध्ये कळेल का?

तुम्ही विचारलंय की अपघातानंतर मामा डोळे उघडतात, पण हाक मारली तर काहीच प्रतिसाद देत नाहीत. एमआरआय केला तर ते आतून जागे आहेत का ते कळेल का.

कधीकधी कळतं. पण स्कॅनमध्ये काही दिसलं नाही म्हणून ते जागे नाहीतच, असं कृपा करून धरू नका.

मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे. नेहमीचा एमआरआय मेंदूला कुठे, किती मार बसलाय तेवढंच दाखवतो. जाणीव शोधायला फंक्शनल एमआरआय लागतो. मेंदूचा कुठला भाग त्या क्षणी कामाला लागलाय, ते त्यात रक्तपुरवठ्यावरून समजतं. २००६ साली केंब्रिजचे मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी व्हेजिटेटिव्ह अवस्थेतल्या (डोळे उघडे, पण जाणिवेची काहीच खूण दिसत नाही अशा) २३ वर्षांच्या मुलीला मशीनमध्ये असताना सांगितलं, टेनिस खेळतेस अशी कल्पना कर. अपघाताला पाच महिने झाले होते, सांगितलेलं काहीही ती करत नव्हती. तरी हालचालींची आखणी करणारा भाग निरोगी माणसासारखाच उजळला. घरातल्या खोल्यांमधून फिरतेस अशी कल्पना कर म्हटल्यावर वेगळे भाग उजळले. २०१० मध्ये तर याच युक्तीने, म्हणजे एका कल्पनेचा अर्थ हो आणि दुसरीचा नाही असं ठरवून, एका रुग्णाने सहापैकी पाच प्रश्नांची हो-नाही उत्तरं बरोबर दिली, वडिलांच्या नावासकट.

२०२४ मध्ये मोठा अभ्यास आला. सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचं फंक्शनल एमआरआय किंवा ईईजीत (डोक्याला तारा लावून मेंदूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी) दिसलं. आणि जे ११२ जण खाटेवर उघड प्रतिसाद देत होते, त्यांच्यातल्या फक्त ४३ जणांचं तपासणीत दिसलं! झोपेची गुंगी, थकवा, भाषेचा भाग दुखावलेला, कारणं बरीच असतात.

ही तपासणी अजून मुख्यतः संशोधन केंद्रांतच होते. म्हणून आधी न्यूरॉलॉजिस्टना सीआरएस-आर तपासणी (खाटेपाशीच आवाज, नजर, स्पर्श यांना रुग्ण कसा प्रतिसाद देतो ते ठरावीक पद्धतीने बघणारी) करायला सांगा, तीही एकदा नाही, वेगवेगळ्या वेळी. २००९ च्या एका अभ्यासात डॉक्टरांच्या चमूने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ पैकी १८ रुग्णांत या तपासणीने जाणिवेच्या खुणा सापडल्या होत्या. त्यात साधा आरसा वापरतात. मामांच्या डोळ्यांसमोर धरा, त्यांना स्वतःचा चेहरा दिसू दे, मग हळूहळू बाजूला न्या. नजर मागोमाग येते का बघा. इतर वस्तूंमागे न फिरणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे फिरलेली आढळली आहे. ऐकण्याचं यंत्र लावत असतील तर ते लावा. गुंगीची औषधं चालू आहेत का, तेही विचारा. नजर फिरली असं वाटलं तर मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि राउंडला डॉक्टर आले की दाखवा.