दहावा माणूस

महिन्यातनं एखादी तरी आई हे विचारतेच, मॅडम, आमचं पोरगं बाहेर आपला धर्म लपवतं, काय करायचं? मुस्लिम आई विचारते, ख्रिश्चन विचारते, शब्द थोडे वेगळे पण काळजी तीच. आज सांगतेय ती केस बेने इस्राएल घरातली आहे, म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घरच्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा पंधरा वर्षांचा. पेणकर, रोहेकर असतं ना तसं गावावरनं पडलेलं आडनाव, त्यामुळे हजेरीत आडनावापर्यंत काहीच प्रॉब्लेम नाही, पण पहिलं नाव बायबलमधलं, मग सुरू, तू ख्रिश्चन का, मुस्लिम का, यहुदी म्हणजे काय रे. आणि टीव्हीवर युद्धाच्या बातम्या आल्या की वर्गातली पोरं त्यालाच जाब विचारणार, जसं काही हाच तिकडनं आलाय. इस्रायल त्याने बघितलेलंही नाही, त्याचं गाव अलिबागकडे, आजी अजून दारफाळणीचा सण म्हणते योम किप्पुरला, म्हणजे त्यांच्या उपासाच्या मोठ्या दिवसाला.

आई आली ती एका गोष्टीने हादरून. त्यांच्या दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा आहे, बोटाएवढी चपटी डबी असते, आत प्रार्थना लिहिलेलं चर्मपत्र, येताजाता बोटं लावून ओठांना लावतात. मित्र येणार होते त्या दिवशी पोराने दारावरचं तोरण ओढून बरोब्बर त्या डबीवर आणलं आणि टाचणीने पक्कं केलं. कोणाला काही बोलला नाही. आई म्हणाली, "2016 ला महाराष्ट्र सरकारने आम्हाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले हो, आणि घरातलंच पोर झाकाझाकी करतंय."

इथे माझं चुकलं ते सांगते. मी त्याला सुचवलं की शाळेत छोटंसं प्रेझेंटेशन दे, तुमच्या लोकांना शनवार तेली का म्हणायचे ते सांग, घाण्यावर तेल काढायचे पण शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव, किती भारी गोष्ट आहे. तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी काय म्युझियम आहे का?" बरोबर होतं त्याचं. जो आधीच एकटा पडलाय त्याला आपण आणखी एकट्याने फळ्यासमोर उभं करतो आणि वर त्याला आत्मविश्वास म्हणतो. बहुतेक आईबाबा हेच करतात, प्रेमापोटीच करतात, पण नका करू.

मग मी समजावणं बंद केलं आणि विचारलं की सिनेगॉगमध्ये, म्हणजे तुमच्या प्रार्थनाघरात, तुझं काम काय असतं? म्हणाला, काही नाही, बसतो. आणि मग सहज बोलून गेला की कधीकधी प्रार्थना अडते, कारण मिन्यानला, म्हणजे एकत्र प्रार्थनेसाठीच्या गटाला, तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात आणि नऊच येतात, मग सगळे दाराकडे बघत बसतात. निम्मी घरं 1948 नंतर इस्रायलला गेलेली, राहिलेले बरेच म्हातारे, कोणाचा गुडघा, कोणाला रिक्षा मिळत नाही.

म्हटलं, मग हे तू बघ की. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनचा त्यांचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत, वहीत बारा-तेरा नावं आणि एकेकाला फोन, काका उद्या येताय ना, कोणाला न्यायला पाठवू. पहिल्या दोन आठवड्यांत जमलं नाही, आठच आले, तो वैतागला, सोडतो म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात एका आजोबांना स्वतः रिक्षातनं घेऊन गेला, ते दहावे. आत पाऊल टाकल्यावर सगळे कसे उठून उभे राहिले हे मला त्याने दोनदा सांगितलं.

त्यानंतर मलिद्याच्या, म्हणजे त्यांच्या गोड पोहे-फळांच्या नैवेद्याच्या, वेळी लागणारी पोरंसोरं त्यानेच गोळा केली, पोहे भिजवायला, खोबरं खवायला, फळं लावायला, आणि त्यात शेजारचे दोन मित्र आपणहून आले. (त्याच्या बहिणीने मला विचारलं, मिन्यानला मला का नाही मोजत? तिचा प्रश्न खरा आहे, त्यावर आम्ही वेगळं बसतोय.)

म्हणून विचारणाऱ्या आयांना मी सांगते, पोराला अभिमान बाळग म्हणू नका, त्याच्याशिवाय अडेल असं एखादं छोटं काम त्याच्या हातात द्या, मशिदीत असो, चर्चमध्ये असो, आणि ते बिघडलं तरी लगेच हातातनं काढून घेऊ नका. शाळेत कोणी त्रास देत असेल तर मात्र ते मोठ्यांनीच जाऊन बोलायचं, ते ओझं पोरावर नाही.

गेल्या महिन्यात आईचा फोन आला, तोरण अजून तिथेच आहे मॅडम, काढू का मी? म्हटलं, अजिबात हात लावू नका, ते त्याने लावलंय.