वाचकांचे प्रश्न : मोटरहोमने कोरोमंडेल, सात दिवसांत

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये ऑक्लंडहून मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन कोरोमंडेल द्वीपकल्प फिरायचा आहे. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं. त्याच आठवड्यात रोटोरुआ उरकता येईल का?

उरकता येईल, पण मग कोरोमंडेल फक्त खिडकीतून दिसेल. ऑक्लंड ते द्वीपकल्पाच्या तोंडाशी असलेलं थेम्स गाव सुमारे 115 किलोमीटर, तासा-दीड तासाचं काम. खरा रस्ता तिथून पुढे सुरू होतो. थेम्स ते कोरोमंडेल टाउन जेमतेम 55 किलोमीटर आहे, पण सात मीटर लांबीच्या गाडीला सव्वा तास तरी धरा. रस्ता अरुंद, सतत वळणांचा आणि समुद्राला अगदी चिकटून जातो.

दिशा मात्र विचारपूर्वक ठरवा : थेम्सहून आधी उत्तरेला जा आणि पूर्व किनाऱ्याने खाली उतरा. न्यूझीलंडमध्ये गाडी डावीकडून चालते. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरलात तर दोन्ही किनाऱ्यांवर समुद्र तुमच्या डाव्या हाताला राहतो आणि समोरून येणाऱ्या गाड्यांची रांग न तोडता कडेच्या थांब्यावर वळता येतं. मागे दोन-तीन गाड्या साचल्या की अशा थांब्यावर शिरून त्यांना पुढे जाऊ द्या. तिथे ती रीतच आहे.

याचा एक तोटाही आहे. थेम्सच्या पुढे समुद्राच्या बाजूला पोहुतुकावाची जुनी झाडं रस्त्यावर वाकलेली आहेत. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेल्या उंच मोटरहोमचा डावीकडचा वरचा कोपरा नेमका त्यांना घासतो. हा कोपरा आरशात दिसत नाही. छताचं आणि गाडीच्या पोटाचं नुकसान बऱ्याच करारांत पूर्ण विम्यातूनही वगळलेलं असतं, म्हणून सही करण्याआधी ते कलम वाचा.

एकेरी पुलांवर पाटीकडे लक्ष द्या. तुमच्या दिशेचा बाण लहान आणि लाल असेल तर थांबायचं तुम्ही. निळ्या पाटीवर तुमचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर आधी जायचा हक्क तुमचा. तरीही पूल मोकळा आहे हे बघूनच चढा.

प्रश्न : कोरोमंडेलच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॉट वॉटर बीचवर वाळूत खड्डा खणून गरम पाण्यात बसता येतं असं ऐकलं. कुठल्या दिवशी जावं?

ते कॅलेंडर ठरवत नाही, ओहोटी ठरवते. म्हणूनच कॅम्पसाइट बुक करण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता उघडा.

ओहोटीच्या तळाच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंतच ती जागा उघडी असते. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. सोमवारी ती पहाटे सहाला असेल, तर रविवारी अकराच्या सुमारास येईल. म्हणजे त्या आठवड्यात हा किनारा शेवटच्या दिवसांसाठी राखायचा. ओहोटी सकाळी दहाला असलेल्या सोमवारी निघालात, तर उशीर करून चालणार नाही, कारण सात दिवसांत ती दुपारी तीनकडे जाते. त्या दिवसांत दुसरी ओहोटी रात्री किंवा भल्या पहाटे पडते; अंधारात ते पाणी नको. तक्ता प्रमाणवेळेत आहे की उन्हाळी वेळेत, तेही बघा. सप्टेंबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत घड्याळ तासभर पुढे असतं आणि चार तासांतला एक तास इथेच हुकतो.

फावडं सोबत हवं. किनाऱ्याच्या मध्यावर समुद्रात खडक दिसतात, त्यांच्या समोरच्या पट्ट्यातच गरम पाणी आहे. शंभर पावलं बाजूला खणलंत तर गार पाणीच लागेल. झऱ्याचं पाणी 64 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेलं असतं, तेव्हा उघडे पाय थेट झऱ्यावर रोवू नका. खड्डा झऱ्याच्या थोडा खाली, समुद्राच्या बाजूला घ्या आणि भिंतीत खाच ठेवून गार पाणी आत येऊ द्या. समुद्र खवळलेला असेल तर ओहोटीतही लाटा त्या पट्ट्यावर येत राहतात. पोहण्याचा मोह टाळा, तिथले आत ओढणारे प्रवाह धोक्याचे आहेत.

प्रश्न : टॉयलेट आणि सांडपाण्याची व्यवस्था कशी करायची? रोज कॅम्पसाइट लागेलच का?

रोज नाही, पण फुकट मुक्काम कुठेही करता येत नाही. स्थानिक परिषदेने नेमून दिलेल्या जागी, तेही ‘सेल्फ-कंटेन्ड’ (टॉयलेट, पाणी आणि सांडपाण्याची सोय आतच असलेली) असं प्रमाणपत्र असलेल्या गाडीलाच राहता येतं. 2023च्या कायद्याने या प्रमाणपत्रासाठी गाडीत कायमचं बसवलेलं टॉयलेट सक्तीचं केलं; पलंगाखाली सरकवायचं सुटं टॉयलेट आता चालत नाही. भाड्याची गाडी घेताना या प्रमाणपत्राचं हिरवं वॉरंट काचेवर आहे ना, हे बघून घ्या.

दोघांना टॉयलेटची कॅसेट, म्हणजे खालची काढून रिकामी करायची टाकी, दोन, फार तर तीन दिवस पुरते. ती काढण्याआधी आतली सरकती झडप पूर्ण बंद करा. अर्धवट राहिली तर कॅसेट अडकते आणि जोर लावला की झडपेचं रबर फाटतं. ओतताना हवेचं बटण दाबून धरा. ते विसरलात तर पाणी गचके देत बाहेर येतं आणि बूट भरतात. मग दोनदा खळबळून धुवा, दोन लिटर पाणी आणि मापाने रसायन टाका. कॅसेट धुवायच्या नळावरून पिण्याचं पाणी कधीच भरू नका.

सांडपाण्याची टाकी भरल्याचं दिव्यावरून कळलं नाही, तर न्हाणीच्या तळातून वर येणारं पाणी ते सांगतं. ताटं कागदाने पुसून मग धुतलीत तर टाकीला वास येत नाही.

लोक टाक्यांची काळजी करतात आणि बॅटरीला विसरतात. कोरोमंडेलमध्ये दिवसाचं ड्रायव्हिंग तासाभराचं, त्यामुळे फ्रिज-दिव्यांसाठीची वेगळी बॅटरी इंजिनवर पुरती भरतच नाही. 100 अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात आणि फ्रिज एकटाच दिवसाला जवळजवळ तेवढे खातो. छतावर सोलर नसेल तर दर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री वीजजोडणीची जागा घ्या. मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट साधारणपणे त्याच रात्री चालतील.

प्रश्न : फ्लेचर बे आणि पोर्ट जॅक्सनची कॅम्पसाइट सुंदर आहे म्हणतात. मोटरहोम नेता येईल?

सुंदर आहेतच. पण कॉल्व्हिल गावाच्या उत्तरेचे रस्ते अनेक भाडेकरारांत नाव घेऊन वगळलेले असतात. खडीचा अरुंद रस्ता आहे. तिथे गाडी अडकली तर विमा नाही आणि ओढून आणायचा खर्चही तुमचाच. कॉल्व्हिलपर्यंत जाऊन परत फिरा. कोरोमंडेल टाउनहून व्हिटियांगाकडे जाणाऱ्या 309 रोडवरही डांबर संपून खडी लागते, तेव्हा 25 नंबरच्या हायवेनेच डोंगर ओलांडा.

प्रश्न : मग सात दिवसांची आखणी कशी असावी?

सोयीच्या वेळेची ओहोटी आठवड्याच्या शेवटच्या दिवसांत पडत असेल तर अशी : पहिल्या दिवशी थेम्सपर्यंतच. गाडी समजून घेण्यात तास जातो, किराणाही तिथेच भरा. दुसरा, तिसरा दिवस कोरोमंडेल टाउन. तिथली ड्रायव्हिंग क्रीक रेल्वे बॅरी ब्रिकेल या कुंभाराने 1975पासून भट्टीसाठी माती आणि लाकूड आणायला बांधली. चौथा दिवस व्हिटियांगा. पाचवा, सहावा हाहेई गाव : कॅथीड्रल कोव्हचा किनारा आणि हॉट वॉटर बीच. 2023च्या वादळानंतर बंद झालेली कोव्हची पायवाट डिसेंबर 2024मध्ये उघडली. उन्हाळी हंगामात मोटरहोम गावाच्या तोंडाशीच ठेवा. सातव्या दिवशी ताइरुआवरून 25ए हायवेने परत. 2023मध्ये खचलेला हा रस्ता त्याच वर्षाच्या शेवटी नवा पूल बांधून सुरू झाला, जुन्या माहितीवर जाऊ नका. सोयीची ओहोटी आठवड्याच्या सुरुवातीलाच असेल तर थेम्सहून 25ए ने थेट हाहेई गाठा आणि उरलेला फेरा उलटा घाला. समुद्र उजवीकडे जाईल एवढंच.

नाताळ ते जानेवारीअखेर सगळं महिनोन् महिने आधी भरतं. फेब्रुवारीचा उत्तरार्ध किंवा मार्च घ्या. काउरी या तिथल्या उंच झाडांच्या जंगलात शिरताना आणि बाहेर पडताना ठेवलेल्या ब्रशने बुटांची माती काढा आणि जंतुनाशक मारा. काउरीची मुळं कुजवणारा रोग मातीतूनच पसरतो. आणि डिझेलची गाडी असेल तर रस्ताकर पंपावरच्या दरात नसतो, किलोमीटरमागे वेगळा लागतो. गाडी परत करताना तो बिलात येईल.