सव्वादोन लाखांच्या गाडीला पावणेदोन लाखांचं इंजिन?

प्रश्न (सांगलीहून): माझी २०१४ची स्विफ्ट डिझेल रस्त्यावर साचलेल्या पाण्यात बंद पडली. दोनदा सेल मारला, तिसऱ्या वेळी ‘खट्’ आवाज आला. विमा कंपनीने इंजिनाचा क्लेम नाकारला. सर्व्हिस सेंटर सगळे नवे पार्ट घालून १,७५,००० सांगतंय. ओळखीचे मिस्त्री मुंबईतल्या कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारातून जुनं इंजिन आणून ७०,०००मध्ये बसवून देतो म्हणतात. गाडी चालू असती तर सव्वादोन लाख आले असते, आहे तशी डीलर ८०,००० देतोय. पगार ४६,०००, घराचा हप्ता १७,०००, एफडी २ लाख. आईला महिन्यातून दोनदा मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं. मेहुणे म्हणतात, जीएसटी उतरलाय, नवीच घे. काय करू?

उत्तर: मेहुण्यांचं आधी उरकू. जीएसटी उतरला हे खरं, छोट्या गाड्यांवर तो सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांचा १८ झाला. पण पाच लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी काढलंत, तर हप्ता दहा हजारांच्या वर जातो. घराचा धरून सत्तावीस हजार. शेहेचाळीसमधून सत्तावीस गेले की उरलं काय? आत्ता नको.

आता इंजिन. तुम्ही १,७५,००० आणि ७०,००० हे आकडे शेजारी ठेवून बघताय, म्हणून ‘स्वस्त की टिकाऊ’ असा पेच पडतो. मी वेगळी वजाबाकी करतो. दुरुस्तीने गाडीची किंमत ८०,०००वरून २,२५,०००वर जाते, म्हणजे १,४५,०००ने वाढते. तेवढ्यासाठी १,७५,००० घातले तर गॅरेजमधून गाडी बाहेर काढतानाच तीस हजार गेले. शिवाय गाडीची नोंदणी (आरसी) २०२९पर्यंतच, पुढे पुनर्नोंदणी, फिटनेस, पर्यावरण कर. नवे पार्ट पाच-सात वर्षं टिकतीलही, पण तेवढी वर्षं ही गाडी ठेवणार आहात का?

जुन्या इंजिनाला जोखीम आहे, मान्य. पण ते वर्षभरात बिघडलं आणि दुसरं घालावं लागलं, तरी एकूण १,४०,००० होतात. नव्यापेक्षा कमीच.

तरी माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे, जी तुम्ही विचारलीच नाही: आहे तेच इंजिन भरून घेणं, म्हणजे उघडून खराब पार्ट बदलून घेणं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी शिरल्यावर सेल मारला की कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो. तुमचा तो ‘खट्’ बहुधा हाच. (क्लेम यामुळेच अडला. हे नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं, आणि इतक्या जुन्या गाडीला बहुतेक कंपन्या ते देतही नाहीत.) ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) शाबूत असेल तर रॉड, गरज पडल्यास क्रँक (रॉड ज्याला फिरवतात तो दांडा) आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) जुने घ्या. हेच १.३ लिटरचं फियाटचं डिझेल इंजिन टाटांच्या आणि फियाटच्या गाड्यांतही होतं, त्यामुळे पार्ट मिळायला अडचण नाही. मात्र क्रँक आणि हेड तुमच्याच मॉडेलचे बघा. बेअरिंग, रिंगा, गॅसकेट, टायमिंग चेन, रॉडचे बोल्ट, ऑइल सील मात्र नवेच. इथे हजार-दोन हजार वाचवायला गेलात तर पुन्हा सगळं उघडायची मजुरी पडते.

मी मेकॅनिक नाही, पण एका मिस्त्रींनी शिकवलेली खूण सांगतो. जुना क्रँक हातात आला की जर्नलवरून (बेअरिंग बसते त्या गुळगुळीत भागावरून) नख आडवं फिरवायचं. नख कुठे अडकलं तर तो क्रँक परत, भाव कितीही पडो. आणि नख अडकलं नाही तरी लेथवर मापून घ्यायचाच.

स्वतःचा ब्लॉक ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. इंजिन नंबर तोच राहतो. कुर्ल्याचं इंजिन आलं की नंबर बदलतो आणि तो आरटीओत आरसीवर चढवावा लागतो. त्यासाठी इंजिन नंबर लिहिलेलं बिल हवं, ते कोणत्या गाडीतून निघालं याचा कागद हवा. तो नसेल तर माल चोरीचा निघायची भीती, पुढे क्लेममध्ये आणि विक्रीतही कटकट. ‘साहेब, कागदाचं बघू नंतर’ म्हणाले तर तिथूनच परत फिरा.

या कामाला साठ-पासष्ट हजार धरा. कर्ज काढू नका. एफडीतूनच द्या, अडीअडचणीसाठीच ठेवलीय ना ती? जवळपास १,३८,००० शिल्लक राहतील, म्हणजे तीन पगार. सर्व्हिस सेंटरला पावणेदोन लाख दिलेत तर हातात पंचवीस हजार उरतात, आणि आईला रात्री-अपरात्री ॲडमिट करावं लागलं तर तेवढ्यात काय होणार?

तेव्हा मिस्त्रींना आधी फक्त इंजिन उघडायला सांगा, त्याची मजुरी वेगळी ठरवून. ब्लॉकला भगदाड पडलेलं नसेल तर भरून घ्या. पडलं असेल तर कुर्ल्याचं इंजिन, कागदांसकट. आणि उघडल्यावर खर्चाचा आकडा १,२०,०००च्या पुढे जायला लागला, तर डीलरचे ८०,००० घेऊन मोकळे व्हा. मिरजेच्या महिन्याच्या दोन खेपांना तोवर रिक्षा स्वस्त पडते.