बाटलीच्या तळाशी गाळ
अरे गाळ दिसला म्हणून घरी बनवलेली बिअर ओतून नको देऊस, ते यीस्टच आहे, गॅससाठी आपण बाटलीत साखर टाकतो ना ती खाऊन खाली बसलेलं, पोटात गेलं तरी काही होत नाही, चव जरा पिठूळ लागते एवढंच. गाळ कमी हवा असेल तर बाटल्या भरायच्या आधी फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेव. बाटल्या उभ्याच, आडव्या अजिबात नको, आणि पुण्यातल्या एप्रिल-मेत माळ्यावर तर नकोच, भट्टी असते तिथे. प्यायच्या आधी दोन दिवस फ्रिजमध्ये उभी, मग ग्लास तिरका धरून एका दमात हळू ओत, मधे बाटली सरळ केलीस की गाळ उठलाच, शेवटचं बोटभर सोडून दे (जर्मन व्हीट बिअरचं उलटं, तिथे मुद्दाम हलवून ओततात). रिकामी बाटली लगेच विसळ, वाळलेला गाळ ब्रशलाही दाद देत नाही.